दिवाणखान्यातील शांत गेमिंग संगणक

दिवाणखान्यातील शांत गेमिंग संगणक म्हणजे दूरचित्रवाणी संचाला जोडून बैठकीच्या खोलीत खेळांसाठी वापरला जाणारा आणि चालू असताना ज्याचा आवाज खोलीतील नेहमीच्या शांततेत मिसळून जावा अशा बेताने जुळविलेला वैयक्तिक संगणक होय. असा संगणक बहुधा सुटे भाग निवडून जुळविला जातो. संगणकाचा आवाज मुख्यतः त्यातील उष्णता बाहेर टाकण्याच्या क्रियेतून निर्माण होतो. त्यामुळे भागांच्या निवडीत उष्णतेचा विचार आधी आणि आवाजाचा विचार नंतर करावा लागतो.

बैठकीची खोली ही घरातील सामाईक जागा असते. शहरांतील अनेक लहान घरांत हीच खोली दिवसा अभ्यासासाठी आणि रात्री झोपण्यासाठी वापरली जाते. खेळणाऱ्याने कानांवर हेडफोन चढविला असल्यास त्याला संगणकाचा आवाज जाणवत नाही; तो जाणवतो खोलीतील इतरांना. अभ्यासिकेतील गेमिंग संगणक आणि दिवाणखान्यातील गेमिंग संगणक यांतील मुख्य फरक हाच आहे.

पार्श्वभूमी

इ.स. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये केवळ वीजपुरवठा करणाऱ्या पेटीला पंखा होता. प्रक्रियकाला म्हणजे सीपीयूला हीटसिंकचीही गरज नव्हती. इ.स. १९९३ मध्ये आलेल्या पेंटियमपासून प्रक्रियकावर हीटसिंक आणि पंखा बसविणे रूढ झाले. इ.स. २००३ मधील जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा हे ग्राफिक्स कार्ड त्याच्या कामगिरीपेक्षा पंख्याच्या आवाजामुळेच अधिक गाजले. इ.स. २००४ मधील पेंटियम ४ च्या प्रेस्कॉट आवृत्तीची उष्णता १०० वॉटच्या पुढे गेली. इ.स. २००६ मध्ये आलेल्या, ६५ वॉट टीडीपीच्या कोअर २ ड्युओनंतर मात्र कमी उष्णतेत अधिक काम हा प्रक्रियकांच्या रचनेचा महत्त्वाचा निकष बनला.

याच काळात संगणक दिवाणखान्यात आणण्याचे प्रयत्न सुरू झाले. इ.स. २००१ मध्ये व्हीआयए कंपनीने १७० मिलिमीटर लांबी-रुंदीच्या मिनी-आयटीएक्स मदरबोर्डाचे माप मांडले. मायक्रोसॉफ्टने इ.स. २००२ मध्ये विंडोज एक्सपीची मीडिया सेंटर आवृत्ती काढली. त्याच वर्षी सायलेंट पीसी रिव्ह्यू हे संगणकाच्या आवाजालाच वाहिलेले संकेतस्थळ सुरू झाले. व्हाल्व्ह कंपनीने इ.स. २०१२ मध्ये दूरचित्रवाणीवर वापरण्याजोगा ‘बिग पिक्चर’ हा पडदा दिला आणि इ.स. २०१५ मध्ये इतर उत्पादकांच्या साहाय्याने ‘स्टीम मशीन’ नावाचे संगणक बाजारात आणले. त्यांना फारसे यश मिळाले नाही. तरी दूरचित्रवाणीसमोर बसून कंट्रोलरने संगणकावरील खेळ खेळण्याची पद्धत रुजली.

ध्वनीचे मोजमाप

ध्वनीची तीव्रता डेसिबल या लघुगणकीय एककात मोजतात. सरळ बेरीज-वजाबाकी येथे चालत नाही. एकसारखे दोन पंखे एकत्र चालले तर आवाज दुप्पट न होता ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज साधारण दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबलची वाढ लागते. मानवी कानाची निरनिराळ्या वारंवारतांविषयीची संवेदनशीलता विचारात घेऊन केलेल्या मोजणीस ‘ए’ भारित डेसिबल म्हणतात. पंख्यांच्या आणि वीजपुरवठ्याच्या पेट्यांवर छापलेले आकडे बहुधा याच मोजणीतील असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या इ.स. १९९९ मधील मार्गदर्शक तत्त्वांनुसार चांगल्या झोपेसाठी शयनकक्षातील अखंड आवाज ३० डेसिबलहून अधिक नसावा. भारतातील इ.स. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी क्षेत्रासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. परंतु ती परिसरातील आवाजाची मर्यादा आहे. रात्री लोक झोपतात अशा खोलीतील संगणकासाठी पहिला आकडाच अधिक योग्य ठरतो.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाल्यास आवाज ६ डेसिबलने घटतो. खोलीत भिंतींवरून परावर्तन होत असल्याने ही घट कमी भरते. फरशी, उघड्या भिंती आणि काचेच्या खिडक्या असलेल्या खोलीत तोच संगणक अधिक ऐकू येतो. पडदे, गाद्या आणि पुस्तकांची कपाटे आवाज काही प्रमाणात शोषतात.

आवाजाचे स्वरूपही त्याच्या तीव्रतेइतकेच महत्त्वाचे असते. वाऱ्याच्या झुळकीसारखा एकसुरी, पसरट आवाज कान लवकर विसरतो. बारीक शिट्टी, खरखर किंवा सतत चढउतार करणारा आवाज मोजमापात कमी भरला तरी लक्ष वेधून घेतो.

आवाजाचे स्रोत

संगणकातील आवाजाचे प्रमुख स्रोत पुढीलप्रमाणे आहेत :

- प्रक्रियक, ग्राफिक्स कार्ड, कॅबिनेट आणि एसएमपीएस यांचे पंखे. एकूण आवाजात बहुधा यांचाच वाटा सर्वांत मोठा असतो.
- फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क. तिच्या फिरण्याचा गुणगुणाट आणि वाचनशीर्षाची खटखट कॅबिनेटच्या पत्र्यातून वाढून बाहेर पडते.
- द्रवशीतकाचा पंप. पंखे मंद असले तरी तो चालूच राहतो. द्रवात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांचा खळखळाटही ऐकू येतो.
- कॉइलची शिट्टी. ग्राफिक्स कार्डावरील किंवा एसएमपीएसमधील वेटोळी विद्युतप्रवाहाच्या जलद चढउताराने कंप पावतात आणि उंच स्वर निघतो.
- सैल पत्रे, जाळ्या आणि टेकूविना ठेवलेले कॅबिनेट यांचे कंपन.

उष्णतेचा हिशेब

संगणक जितकी वीज घेतो तितकी जवळजवळ सर्व उष्णतेच्या रूपात खोलीत सोडतो. ही उष्णता कॅबिनेटबाहेर काढण्यासाठी हवा खेळवावी लागते आणि हवा खेळविण्यासाठी पंखे फिरवावे लागतात. म्हणूनच वापरलेला प्रत्येक वॉट आवाजाच्या खाती जमा होतो, असे मानून निवड केली जाते.

पंख्याने ढकललेली हवा त्याच्या गतीच्या प्रमाणात वाढते, परंतु आवाज त्याहून फार वेगाने वाढतो. गती निम्मी केल्यास आवाज सुमारे १५ डेसिबलने घटतो. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या एका पंख्याच्या जागी त्याच मापाचे तीन पंखे ७५० फेऱ्यांनी चालविले, तर तीन पंख्यांमुळे सुमारे ५ डेसिबलची भर पडते आणि गती घटल्यामुळे १५ डेसिबलची वजावट होते. एकूण आवाज सुमारे १० डेसिबलने कमी होऊनही एकूण हवा, आदर्श स्थितीत, दीडपट मिळते. शांत संगणकात मोठे, अनेक आणि मंद पंखे दिसतात त्याचे कारण हेच आहे.

हीटसिंक कोणत्याही भागाला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही; तो भाग खोलीपेक्षा किती अंश अधिक तापेल एवढेच ठरवितो. २५ अंश सेल्सिअसच्या खोलीत एखादा भाग ६५ अंशांवर राहत असेल, तर तेच काम आणि तीच पंख्याची गती असताना ३८ अंशांच्या खोलीत तो सुमारे ७८ अंशांवर जाईल. थंड प्रदेशात घेतलेल्या चाचण्यांतील आवाजाचे आकडे विदर्भ किंवा मराठवाड्यातील उन्हाळ्यास जसेच्या तसे लागू पडत नाहीत. अशा ठिकाणी हीटसिंक गरजेपेक्षा एक पायरी मोठा घेणे किंवा विजेची मर्यादा एक पायरी खाली ठेवणे इष्ट ठरते.

घटकांची निवड

ग्राफिक्स कार्ड

गेमिंग संगणकात सर्वाधिक वीज बहुधा ग्राफिक्स कार्ड घेते. त्यामुळे निवडीची सुरुवात त्यापासून करणे सोयीचे असते. उत्पादकाने दिलेली विजेची मर्यादा जीफोर्स आरटीएक्स ४०६० साठी ११५ वॉट, आरटीएक्स ४०७० साठी २०० वॉट आणि आरटीएक्स ४०९० साठी ४५० वॉट आहे. दूरचित्रवाणीपासून अडीच-तीन मीटरवर बसणाऱ्याला चित्रातील अतिसूक्ष्म तपशील दिसत नाहीत. त्यामुळे मेजावरील पडद्यासाठी लागते तितके बलवान कार्ड येथे अनेकदा आवश्यक नसते.

एकाच चिपची कार्डे अनेक उत्पादक निरनिराळ्या हीटसिंकसह विकतात. त्यांच्या वेगात फरक थोडा आणि आवाजात फरक मोठा असतो. जाड हीटसिंक आणि दोन किंवा तीन पंखे असलेले कार्ड लहान, एकपंखी कार्डापेक्षा सामान्यतः शांत असते. हलक्या कामात पंखे पूर्ण थांबविणारी कार्डे चित्रपट पाहताना उपयोगी पडतात. ७० वॉटच्या आरटीएक्स ३०५० ची पंखारहित आवृत्तीही निघाली आहे. मात्र तिला कॅबिनेटमध्ये थोडी तरी हवा खेळती लागते.

प्रक्रियक व त्याचा शीतक

खेळांमध्ये प्रक्रियकाची पूर्ण शक्ती क्वचितच वापरली जाते. ६५ वॉट टीडीपीचा, सहा गाभ्यांचा एएमडी रायझन ५ ७६०० हा प्रक्रियक बहुतेक खेळांना पुरतो. याउलट इंटेल कोअर आय९-१४९००के याची कमाल मर्यादा २५३ वॉट आहे आणि त्याची बरीचशी शक्ती खेळांत उपयोगास येत नाही. टीडीपी हा प्रत्यक्ष वापराचा आकडा नसतो, हेही ध्यानात ठेवावे लागते. ६५ वॉटचा उपर्युक्त रायझनही पूर्ण भाराखाली ८८ वॉटपर्यंत जातो.

प्रक्रियकासोबत मिळणारा लहान शीतक काम भागवितो, पण भाराखाली स्पष्ट ऐकू येतो. १२० मिलिमीटरचा पंखा आणि उष्णतानलिका असलेला उभा शीतक हा स्वस्त आणि परिणामकारक बदल आहे. त्याची उंची कॅबिनेटच्या रुंदीत बसते किंवा नाही हे खरेदीपूर्वी तपासतात. शंभर वॉटच्या आतील प्रक्रियकासाठी द्रवशीतक घेतल्याने शांतता वाढतेच असे नाही, कारण पंपाच्या रूपाने आवाजाचा एक नवा स्रोत दाखल होतो.

पंखे

१२० किंवा १४० मिलिमीटर व्यासाचे, चार पिनांचे पंखे निवडतात. चौथ्या पिनेद्वारे मदरबोर्ड पंख्याची गती नियंत्रित करतो. साध्या स्लीव्ह बेअरिंगचे पंखे नवे असताना शांत असतात, परंतु आतील वंगण सुकल्यावर घरघरू लागतात. द्रवगतिक बेअरिंगचे पंखे अधिक काळ टिकतात. रंगीत दिव्यांचा आवाजाशी संबंध नसला, तरी अनेक पंख्यांचे स्वस्त संच दिव्यांसाठी घेतले जातात आणि त्यांतील बेअरिंगकडे दुर्लक्ष होते. पुढून दोन पंख्यांनी हवा आत आणि मागून एका पंख्याने बाहेर, ही रचना बहुतेक वेळा पुरेशी ठरते.

एसएमपीएस

कार्यक्षमता कमी असलेला एसएमपीएस स्वतःच तापतो. ८० प्लस गोल्ड प्रमाणपत्रासाठी ११५ व्होल्टवर निम्म्या भारास ९० टक्के कार्यक्षमता लागते. हे प्रमाणपत्र आवाजाविषयी मात्र काहीच सांगत नाही. आवाजासाठी सायबेनेटिक्स संस्थेची लॅम्डा श्रेणी पाहतात : १५ डेसिबलहून कमी सरासरी आवाजास ए++ आणि १५ ते २० डेसिबलला ए+ श्रेणी मिळते. गरजेपेक्षा थोडा मोठा एसएमपीएस घेतल्यास तो निम्म्या भारावर चालतो आणि त्याचा पंखा मंद किंवा बंद राहतो. लहान कॅबिनेटमधील एसएफएक्स मापाच्या एसएमपीएसचा पंखाही लहान असल्याने भाराखाली तो तुलनेने लवकर ऐकू येतो.

साठवण

एसएसडीमध्ये फिरता भाग नसल्याने ती पूर्णपणे निःशब्द असते. दिवाणखान्यातील संगणकात केवळ एसएसडी ठेवणे आणि छायाचित्रे-चित्रपटांसाठी लागणारी हार्ड डिस्क घरातील दुसऱ्या खोलीत जाळ्यावर ठेवणे हा रूढ मार्ग आहे.

कॅबिनेट

आतून ध्वनिशोषक थर लावलेले बंद कॅबिनेट आणि पुढे जाळी असलेले मोकळे कॅबिनेट असे दोन पक्ष आहेत. बंद कॅबिनेट कॉइलची शिट्टी आणि हार्ड डिस्कची खटखट दाबते, पण हवा अडल्याने पंखे वेगाने फिरवावे लागतात. आतील भाग मुळातच शांत असतील तर जाळीचे कॅबिनेट अनेकदा कमी आवाज करते. अतिलहान मिनी-आयटीएक्स कॅबिनेट दूरचित्रवाणीशेजारी शोभून दिसते. तथापि त्यात मोठा हीटसिंक आणि मोठे पंखे मावत नाहीत. जागा असल्यास २४४ मिलिमीटर लांबी-रुंदीच्या मायक्रो-एटीएक्स मदरबोर्डाचे मध्यम कॅबिनेट कमी खर्चात अधिक शांत ठरते.

एक उदाहरण

आरटीएक्स ४०६० आणि रायझन ५ ७६०० यांवर आधारलेला संगणक घेतल्यास खेळताना कार्डाचे ११५ वॉट, प्रक्रियकाचे सुमारे ६० वॉट आणि मदरबोर्ड, मेमरी, एसएसडी व पंखे यांचे सुमारे ४० वॉट असा अंदाजे २१५ वॉटचा भार धरता येतो. एसएमपीएसची कार्यक्षमता ९० टक्के असल्यास भिंतीतून सुमारे २४० वॉट वीज घेतली जाते. ५५० वॉटचा एसएमपीएस यास पुरतो आणि निम्म्याहून कमी भारावर चालतो. आरटीएक्स ४०९० आणि आय९-१४९००के यांच्या जोडीची कमाल मर्यादा ७०० वॉटच्या पुढे जाते. एक टनाच्या वातानुकूलन यंत्राची शीतनक्षमता सुमारे ३५०० वॉट असते. म्हणजे तिचा पाचवा हिस्सा अशा संगणकाची उष्णता वाहून नेण्यातच खर्ची पडू शकतो, आणि त्या यंत्राचा आवाज वेगळाच.

दिवाणखान्यातील मांडणी

शांत भाग निवडूनही मांडणी चुकल्यास संगणक आवाज करतो. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे तो दूरचित्रवाणीखालील बंद कपाटात ठेवणे. बाहेर टाकलेली गरम हवा तेथेच साठते, पंखे तीच पुन्हा आत ओढतात आणि गती वाढत जाते. कपाट वापरावयाचेच असल्यास त्याची मागील फळी काढतात आणि वरच्या बाजूस मोकळी जागा सोडतात. कॅबिनेटखाली रबराचे पाय असल्यास लाकडी फळीत कंपन उतरत नाही.

जोडणीसाठी एचडीएमआय वापरतात, कारण दूरचित्रवाणी संचांवर डिस्प्लेपोर्ट क्वचितच असते. ४के चित्र सेकंदाला १२० फ्रेमच्या वेगाने आणि रंगांत काटछाट न करता हवे असल्यास संच, कार्ड आणि केबल ही तिन्ही एचडीएमआय २.१ ची असावी लागतात. लिनक्सवर एएमडीच्या मुक्तस्रोत चालकप्रणालीत ही सुविधा देण्यास एचडीएमआय फोरमने इ.स. २०२४ मध्ये नकार दिला होता. लिनक्सवर आधारित प्रणाली वापरू इच्छिणाऱ्यांनी हा मुद्दा खरेदीपूर्वी तपासणे हितावह असते. यूएसबी ३ च्या उपकरणांमुळे २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत व्यत्यय येतो. त्यामुळे बिनतारी कंट्रोलर अडखळल्यास त्याचा ग्राहक लहान यूएसबी तारेने कॅबिनेटपासून दूर आणतात.

सॉफ्टवेअरद्वारे नियंत्रण

भाग न बदलता आवाज कमी करण्याचे उपाय विनाखर्चाचे असल्याने ते प्रथम करून पाहतात :

- फ्रेमची मर्यादा. ६० हर्ट्झच्या संचावर सेकंदाला ६० हून अधिक फ्रेम काढणे व्यर्थ असते. मर्यादा नसल्यास खेळाच्या साध्या अनुक्रमणिकेच्या पडद्यावरही कार्ड शेकडो फ्रेम काढते; कॉइलची शिट्टी बहुधा तेव्हाच ऐकू येते.
- विजेची मर्यादा. कार्डाची आणि प्रक्रियकाची मर्यादा थोडी खाली आणल्यास वेगात घट अल्प आणि उष्णतेत घट लक्षणीय होते. रायझन प्रक्रियकांत यासाठी इको मोड असतो.
- अंडरव्होल्टिंग. तोच वेग कमी व्होल्टेजवर राखण्याची ही पद्धत आहे. प्रत्येक चिपची सहनशक्ती वेगळी असल्याने मूल्य थोडे थोडे उतरवून चाचणी घ्यावी लागते.
- पंख्याचा आलेख. तापमान क्षणभर वाढताच गती वाढू नये म्हणून बदलास काही सेकंदांचा विलंब आणि सौम्य चढ ठेवतात.

धूळ, वीज आणि ऋतू

भारतीय घरांत खिडक्या बराच काळ उघड्या असल्याने धूळ लवकर साचते. हीटसिंकच्या पात्यांमध्ये धूळ बसली की त्याच तापमानासाठी पंखे अधिक वेगाने फिरतात. वर्षापूर्वी शांत असलेला संगणक अशा रीतीने हळूहळू वाजू लागतो. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी अधिक ठेवून आणि प्रवेशमार्गांवर जाळ्या बसवून धूळ रोखतात. जाळ्या ठरावीक काळाने धुवाव्या लागतात. पंखे साफ करताना ते हाताने धरून ठेवतात. हवेच्या झोताने मोकळे फिरू दिल्यास बेअरिंग बिघडू शकते.

चौरस तरंगाच्या इन्व्हर्टरवर काही आधुनिक एसएमपीएस गुणगुणतात किंवा बंद पडतात. शुद्ध साइन तरंगाचा इन्व्हर्टर किंवा यूपीएस असल्यास ही अडचण सहसा येत नाही.

छताच्या पंख्याचा संगणकाच्या जाणवणाऱ्या आवाजाशी जवळचा संबंध आहे. उन्हाळ्यात संगणक सर्वाधिक आवाज करतो, परंतु छताच्या पंख्यात तो झाकला जातो. हिवाळ्यात छताचा पंखा बंद होतो आणि संगणकाचा बारीकसा आवाजही उघडा पडतो. त्याच वेळी हवा थंड असल्याने त्याचे पंखे मंद करता येतात. म्हणून आलेखाची मांडणी ऋतूनुसार बदलणे उपयुक्त ठरते.

मर्यादा व पर्याय

पूर्ण निःशब्द आणि अतिबलवान असा संगणक लहान पेटीत बसविणे शक्य होत नाही. आकार, शक्ती, किंमत आणि शांतता यांपैकी एक वाढविले की दुसऱ्यात तडजोड करावी लागते. कॉइलची शिट्टी हा दोष एकाच प्रकारच्या दोन कार्डांतही कमीअधिक असतो आणि विकत घेण्यापूर्वी ओळखता येत नाही. त्यामुळे परत करण्याची मुभा असलेल्या ठिकाणाहून खरेदी करणे श्रेयस्कर असते. मुंबईतील लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत भाग जुळवून देणाऱ्या दुकानांत संगणक चालवून दाखविला जातो, पण तेथील गजबजाटात त्याचा आवाज पारखता येत नाही.

संगणक दुसऱ्या खोलीत ठेवून लांब ऑप्टिकल एचडीएमआय केबलने किंवा तारेच्या जाळ्यावरून चित्रप्रवाहाने दूरचित्रवाणीवर खेळणे हा आवाजाचा प्रश्न मुळातूनच टाळणारा पर्याय आहे. चित्रप्रवाहात कळ दाबणे आणि चित्र बदलणे यांत थोडा विलंब येतो. शर्यतीच्या आणि मारामारीच्या खेळांत तो जाणवू शकतो. कमी खटपटीत खेळावयाचे असल्यास गेमिंग कन्सोल हा पर्याय आहे; मात्र त्यातील भाग आणि पंखे आपल्या सोयीने बदलता येत नाहीत.

हे सुद्धा पाहा

- वैयक्तिक संगणक
- ग्राफिक्स कार्ड
- डेसिबल
- ध्वनिप्रदूषण
- एचडीएमआय